शिवणाऱ्या हातांचे हक्क
(महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या सभेला येताना आपण सर्वांनी स्वच्छ वस्त्रे परिधान केली आहेत. इतरांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; आपल्याला ती तशी वाटता कामा नये. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या फाटके आणि टाकून दिलेले वस्त्र आले, त्या समाजात धड कपडा अंगावर येणे हाच एक इतिहास आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे हाही विषय होता. नेसण्याच्या तऱ्हेवरून अस्पृश्यता ओळखली जात असेल, तर ती तऱ्हाच टाकून द्या, असे त्यांचे सांगणे होते. वस्त्र आणि माणुसकी यांचा संबंध आपल्याला अशा रीतीने फार पूर्वीच शिकविला गेला आहे.

आज त्याच्या पुढचा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे. आपल्या अंगावरचे हे वस्त्र शिवले कोणी? शिवणाऱ्या हातांना त्याचा मोबदला काय मिळाला? आणि ज्या इमारतीत ते शिवले गेले, त्या इमारतीतून ते हात संध्याकाळी सुखरूप घरी परतले काय?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. बांगलादेशाची राजधानी ढाका हिच्याजवळ सावर नावाचे गाव आहे. तेथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली दुकाने व एक बँक आणि वरच्या मजल्यांवर कपडे शिवण्याचे पाच कारखाने, अशी तिची रचना होती. २३ एप्रिल २०१३ रोजी या इमारतीच्या खांबांना आणि भिंतींना मोठ्या भेगा पडलेल्या दिसल्या. इमारत रिकामी करण्यात आली. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली, दुकाने बंद राहिली. परंतु शिवणकाम करणाऱ्या कामगारांना मात्र आत जाण्याचा हुकूम झाला. जो जाणार नाही त्याचा पगार कापला जाईल, अशी धमकी देण्यात आली. सकाळी वीज गेली. वरच्या मजल्यांवर ठेवलेली अवजड जनित्रे सुरू झाली. आणि नऊच्या सुमारास ती सबंध इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांत तरुण स्त्रियांची संख्या फार मोठी होती.

भगिनींनो, या हकीकतीतील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. भेग सर्वांनी पाहिली होती. बँकेतील लोकांनी पाहिली, दुकानदारांनी पाहिली, कामगार स्त्रियांनीही पाहिली. धोका सर्वांना सारखाच कळला होता. मग बँकेचा कारकून घरी राहिला आणि शिवणारी बाई आत गेली, हे का घडले? ती अडाणी होती म्हणून काय? मुळीच नव्हे. ती आत गेली, कारण तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. त्या वेळी तेथील किमान वेतन महिन्याला ३,००० टका होते. महिन्याचा पगार बुडाला तर घरभाडे आणि तांदूळ कोठून आणावा, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्या पाचही कारखान्यांपैकी एकातही कामगारांची संघटना नव्हती. एकटी बाई ‘मी जात नाही’ म्हणाली असती, तर तिची जागा दुसऱ्या दिवशी भरली गेली असती. सर्वजणी मिळून ‘आम्ही जात नाही’ म्हणाल्या असत्या, तर त्या आज जिवंत असत्या. संघटना म्हणजे काय, याची याहून स्पष्ट व्याख्या मला देता येत नाही.

आपल्याकडे अशा प्रसंगी काही लोक चटकन म्हणतात, ‘त्यांचे नशीब.’ कोणी म्हणतो, ‘गेल्या जन्मीचे भोग.’ आपण हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून आलो आहोत. भगवान बुद्धांचा धम्म कारण शोधावयास सांगतो. मग या भेगांचे कारण शोधू या. दुकाने आणि कचेऱ्या यांच्यासाठी बांधलेल्या इमारतीत शेकडो यंत्रांची घरघर सुरू करण्यात आली. वरचे मजले परवानगीवाचून चढविण्यात आले. त्यांवर जनित्रे ठेवण्यात आली. यांपैकी कोणतीही गोष्ट दैवाने केलेली नाही. प्रत्येक गोष्टीमागे एका माणसाचा निर्णय आहे आणि प्रत्येक निर्णयामागे पैशाचा हिशेब आहे.

तो हिशेब कसा चालतो, हेही समजून घेतले पाहिजे. युरोप-अमेरिकेतील मोठी कंपनी स्वतः कपडा शिवीत नाही. ती नमुना ठरविते, किंमत ठरविते, मुदत ठरविते आणि निरनिराळ्या देशांतील कारखानदारांना विचारते की, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर कोण देतो? ढाक्याचा कारखानदार नाही म्हणाला तर काम दुसऱ्या देशात जाते. म्हणून तो हो म्हणतो. काम वेळेत पुरे होत नाही असे दिसताच तो त्यातील काही भाग एखाद्या लहान कारखान्याला देतो. तेथून धागे तोडणे, बटणे लावणे, काज करणे हे काम नगावर मजुरीने घराघरांत जाते. साखळीच्या प्रत्येक कडीत कोणी तरी आपला नफा काढून घेतो. शेवटच्या कडीवर जी स्त्री बसलेली असते, तिच्याखाली दुसरे कोणी नसते. वरून ढकलत आलेला सगळा भार तिच्या पाठीवर, तिच्या डोळ्यांवर आणि तिच्या झोपेवर पडतो. दुकानात त्या सदऱ्याची जी किंमत मोजली जाते, तिच्यातील अगदी थोडा अंश तिच्या हाती येतो.

ही साखळी सुबत्तेच्या दिवसांत एक वागते आणि संकटात दुसरे. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा परदेशी कंपन्यांनी बांगलादेशातील सुमारे ३ अब्ज डॉलरांची मागणी रद्द केली किंवा थांबविली. त्यात शिवून तयार झालेला मालही होता. कापड आणले होते कारखानदाराने, शिवले होते कामगारांनी. आणि नुकसान सोसावयाची पाळीही त्यांच्यावरच आली. जवळजवळ ४० लाख कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, ज्या धंद्यावर जगतात आणि त्या देशाच्या निर्यातीचा पाचांपैकी चार हिश्श्यांहून अधिक भाग ज्या धंद्यातून येतो, त्या धंद्याची ही कथा आहे.

हे दुःख केवळ गरीब देशांचे आहे असेही समजू नका. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रायँगल नावाच्या पोलकी शिवण्याच्या कारखान्याला आग लागली. बाहेर जाण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसे मेली. त्यांत बहुतेक परदेशातून आलेल्या गरीब ज्यू आणि इटालियन कुटुंबांतील कोवळ्या वयाच्या मुली होत्या. कित्येकींनी नवव्या मजल्यावरून उड्या टाकल्या. खटल्यातून मालक सुटले. परंतु त्या शहरातील कामगार स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या चळवळीमुळे न्यूयॉर्क राज्याला कारखान्यांविषयीचे कायदे बदलावे लागले. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या बाई १९३३ साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. मग शंभर वर्षांनंतर, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्यात आग लागली. तेथेही वाट अडविलेली होती आणि किमान ११२ माणसे मेली. यावरून बोध हा की, एका देशात कायदा झाला की शोषण संपत नाही; ते जेथे कायदा दुबळा आहे तेथे स्थलांतर करते. म्हणून कामगारांचा विचारही एका गावापुरता, एका देशापुरता राहून चालणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कापडाच्या धंद्यातील अन्याय आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या वाडवडिलांना सूतखात्यात जागा मिळे, परंतु विणकामाच्या खात्यात मिळत नसे. त्या खात्यात पगार अधिक होता. कारण काय सांगत? धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो. अस्पृश्याने ओढलेला धागा आम्ही तोंडात कसा धरावा, असे सवर्ण कामगार म्हणत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो नाखुशीनेच आपल्या मागण्यांत घेतला. मालक शोषण करीत होता हे खरे. पण सोबत उभा असलेला कामगारही आपल्याला माणूस मानीत नव्हता. म्हणूनच १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे निक्षून सांगितले. त्यांपैकी एकाशीच लढणारा अर्धाच लढतो.

आणि बाबासाहेबांनी केवळ शत्रू दाखविले असे नव्हे, कायदेही घडविले. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला आणि मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा युक्तिवाद केला. १९३८ साली संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध त्यांनी मुंबईच्या कामगारांना ७ नोव्हेंबर रोजी एक दिवसाचा संप करावयास लावले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्याच खात्याच्या प्रयत्नाने. त्याही आधी, १८८४ साली, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज रविवारी आपण सुखाने विहारात बसतो, त्या रविवारासाठी सहा वर्षे झगडावे लागले आहे.

परंतु वाडवडिलांनी मिळविलेला हक्क नातवंडांना आपोआप मिळत नाही. तमिळनाडूचे उदाहरण घ्या. तेथे तिरुपूर, कोइमतूर, दिंडिगल या भागांत सुताच्या गिरण्या आणि कपड्यांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा माल परदेशी जातो. या गिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची एक योजना बरीच वर्षे चालली. दलाल खेड्यात जाई. गरीब घरातील, पुष्कळदा दलित घरातील, मुलीच्या आईबापांना सांगे : तीन वर्षे मुलगी आमच्याकडे ठेवा, राहणे-खाणे आम्ही पाहू, शेवटी तीस-पन्नास हजारांची रक्कम एकदम देऊ, ती तिच्या लग्नाला, हुंड्याला उपयोगी पडेल. ऐकावयास किती गोड! पण आत गेल्यावर मुलगी वसतिगृहात कोंडल्यासारखी राही. बाहेर जाण्यास बंदी, घरी बोलण्यास बंदी, रात्रपाळी, जादा काम. आणि मुदत पुरी होण्यापूर्वी ती आजारी पडून परतली, तर ती रक्कमही कित्येकदा बुडे.

या योजनेचा पाया कशावर उभा होता, हे नीट पाहा. तो हुंड्यावर उभा होता. मुलगी म्हणजे ओझे, आणि ते ओझे उतरविण्यासाठी तिनेच तीन वर्षे कैदेत राबावे, ही जी रूढी आहे तिला गिरणीमालकाने आपल्या हिशेबात जुंपले. जेथे हुंडा नाही तेथे हे गोड आमिष चालत नाही. धम्माच्या साध्या विधीने, हुंड्यावाचून लग्न लावणे ही केवळ धार्मिक सुधारणा नव्हे. ती आपल्या मुलीला वेठीतून वाचविण्याचीही वाट आहे. जो बौद्ध दीक्षा घेतो आणि मुलाच्या लग्नात मागच्या दाराने हुंडा घेतो, तो कोणाच्या तरी मुलीला अशा दारात ढकलतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

याच दिंडिगल भागात २०२१ च्या जानेवारीत एका कपडा कारखान्यातील वीस वर्षांच्या दलित तरुणीचा खून झाला. आरोप तिच्याच कारखान्यातील पर्यवेक्षकावर आला. तिच्या सोबतिणी भ्याल्या नाहीत. स्त्रियांनी चालविलेल्या आणि ज्यात दलित स्त्रियांचा भरणा अधिक आहे अशा तेथील कामगार संघटनेने हे प्रकरण धसास लावले. परदेशातील कामगार संस्थांनी साथ दिली. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याची मालक कंपनी आणि तिच्याकडून माल घेणारी मोठी परदेशी कंपनी यांना करारावर सह्या कराव्या लागल्या. हाच दिंडिगल करार. स्त्रियांवरील छळ तर यात निषिद्ध आहेच; पण जातीवरून होणारा भेदभावही यात नाव घेऊन निषिद्ध केला आहे. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित निरीक्षक, आणि तीही कामगारांमधलीच, अशी व्यवस्था त्यात ठरली. धोट्यातील धाग्यावरून ज्यांना खात्याबाहेर ठेवले, त्यांच्याच समाजाच्या लेकींनी जगाच्या बाजारातील बड्या कंपनीला ‘जात’ हा शब्द करारात लिहावयास लावला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आणखी एक उदाहरण. २०१६ साली भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र सरकारने केला. बंगळूरच्या कपडा कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया एप्रिल महिन्यात रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यापुढे कोणी बडा पुढारी नव्हता. आपला पैसा आपल्या अडीअडचणीला मिळाला पाहिजे, एवढेच त्या सांगत होत्या. दोन दिवसांत सरकारने तो नियम मागे घेतला.

बांगलादेशातही असेच घडले. राणा प्लाझाच्या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये आग व इमारत यांच्या सुरक्षिततेचा एक करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात सामील झाल्या. त्याआधी कारखान्यांची तपासणी होत नव्हती असे नाही. राणा प्लाझातील काही कारखान्यांचीही झाली होती. परंतु ती मालकांच्या आणि खरेदीदारांच्या सोयीची तपासणी होती. नव्या करारात कामगार संघटना बरोबरीच्या भागीदार होत्या, म्हणून जिने मोकळे झाले, कुलपे निघाली, खांब भक्कम झाले. मृतांच्या वारसांसाठी व जखमींसाठी ३ कोटी डॉलरांचा निधी जमावयास मात्र २०१५ चा जून उजाडला. आणि पोटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०२३ साली कामगारांनी महिन्याला २३,००० टका मागितले. आंदोलनात काहींचा बळी गेला. आणि किमान वेतन ठरले ते १२,५०० टका. इमारत पडू नये हा पहिला हक्क. इमारतीत राबणाऱ्याचे घर चालावे हा दुसरा.

कोणी म्हणेल, मग असे कपडे घेऊच नयेत, असे कारखाने बंदच करावेत. हा विचार भावनेला पटतो, पण तो त्या स्त्रियांचा नाही. त्यांना काम हवे आहे. स्वतःच्या कमाईचा पैसा हाती आल्यामुळे कित्येक मुलींचे बालपणी होणारे लग्न टळले आहे, हे त्या जाणतात. त्यांची मागणी काम बंद करा अशी नसून काम माणुसकीचे करा अशी आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी धन्याची सेवकाविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या कामगार कायद्याजवळ किती येतो, ते आपणच पाहा. फरक एवढाच की, धनी आपणहून कर्तव्य करीत नाही तेव्हा ते हक्क म्हणून मागावे लागते, आणि मागण्यासाठी एकत्र यावे लागते.

आपल्या घरांतूनही मुली शिवणकामाला जातात, जातील. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो. दलालाच्या तोंडी वचनावर मुलीला परगावी पाठवू नका. नेमणुकीचा कागद मागा. दरमहा पगाराची चिठ्ठी मागा आणि ती जपून ठेवा. पगारातून भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांचे पैसे कापले जात असतील, तर आपला खाते क्रमांक मागा; कापलेले पैसे खरोखर जमा होतात की नाही, हे घरातील शिकलेल्या मुलाने तपासून पाहावे. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे, हे लक्षात ठेवा. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे २०१३ च्या कायद्यानुसार स्त्रियांच्या तक्रारीसाठी समिती असलीच पाहिजे; तिच्यावर कोण आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारा. दारे कोठे उघडतात आणि जिना मोकळा आहे काय, ते पहिल्याच दिवशी पाहा. २०२५ च्या नोव्हेंबरपासून आपल्या देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. लहान खोल्यांत चालणारे शिवणकाम यामुळे कायद्याच्या किती बाहेर जाते, यावर आपल्या शिकलेल्या तरुणांनी डोळा ठेवावा आणि विहारात बसून आयाबहिणींना ते समजावून सांगावे.

आणि ज्यांच्या घरात शिवणयंत्रे आहेत, ज्यांनी दोन-चार बायकांना हाताशी घेऊन धंदा मांडला आहे, त्यांना वेगळे सांगणे आहे. आपण कालपर्यंत राबणारे होतो. आज कोणी आपल्यासाठी राबते. मजुरीचे पैसे ठरल्या दिवशी द्या. सम्यक आजीविका ही केवळ तोंडाने म्हणावयाची ओळ नव्हे. ती शनिवारच्या संध्याकाळी हिशेबाच्या वहीत दिसली पाहिजे.

भगिनींनो, सावरच्या त्या सकाळी भेग सर्वांना दिसली होती, परंतु ‘आत जाणार नाही’ हे शब्द एका सुरात उमटले नाहीत. आपल्या लेकींना शिवणकाम शिकवा, हिशेब शिकवा, कायदा शिकवा. आणि सर्वांत आधी, चौघीजणींनी मिळून ‘नाही’ कसे म्हणावे, ते शिकवा.

जय भीम.